पानपिंपरीची पुडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कवी माणूस. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलं होतं. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबरच संपला. त्यामुळे वनस्पती, जनुकं आणि कर्करोग या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर केंद्रावरच्या मंडळींनाही नवल वाटलं. त्यांना माझ्याकडून गझलेवर काहीतरी हवं होतं. गझल आजच्या बोलण्यात येईल, पण जरा वेगळ्या कामासाठी येईल. हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो. तो आमच्या घरात चालत आला आणि तीन वर्षं राहिला.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणायचो, अंजनगाव सुर्जीला दिलेली होती. अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव आणि पलीकडे अकोला जिल्ह्यातलं अकोट, हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा असेल. कपाशी, संत्री आणि केळी यांच्या या मुलखात एक पीक असं आहे, की बाहेरचा माणूस ते पाहून चक्रावतो. ते म्हणजे पानपिंपरी. आयुर्वेदवाले तिला पिंपळी म्हणतात. विड्याच्या पानाच्या वेलाची ही सख्खी चुलत बहीण. तिला सावली लागते, ओल लागते, आधाराला झाडं लागतात. मळ्यात शिरलं की उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. तुतीच्या फळासारखी तिची लांबट फळं हिरवी असतानाच तोडतात आणि उन्हात वाळवतात. वाळून ती काळपट होतात. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतं, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. खोकला झाला की आमच्या घरात मधातून पिंपरीचं चाटण ठरलेलं.

२०११ सालच्या जुलै महिन्यात 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकात एक निबंध आला. पिंपळीत पायपरलाँग्युमिन नावाचा एक रेणू असतो. तो कर्करोगाच्या पेशी मारतो आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लावत नाही, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यात म्हटलं होतं. त्याच्या बातम्या जगभर झाल्या. माझ्या हाती ती बातमी हिवाळ्यात पडली. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात आपाला छातीत गाठ लागली होती.

तिनं ती महिनाभर कुणाला सांगितली नव्हती. मग सांगितली तर घरातल्या बायकांना. तालुक्याच्या डॉक्टरांनी अमरावतीला जाऊन सुईनं तुकडा काढून तपासा, असं सांगितलं. त्यावर शेजारच्या कुणीतरी म्हटलं, सुई टोचली की हा रोग पसरतो. घरात दोन मतं झाली. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, शहरात राहणारा, वर्तमानपत्रात नाव छापून येणारा. मुन्ना म्हणेल तसं करू, असं आपानं सांगितलं.

मुन्नानं काय केलं? सकाळी बातमी वाचली होती, संध्याकाळी अंजनगावला पोचलो. माझा एक जुना दोस्त बारी समाजातला, त्याचा पिंपरीचा मळा. त्याच्याकडून उत्तम वाळलेली पिंपरी घेतली, कुटली, कापडातून गाळली आणि मोजून पुड्या बांधल्या. दोस्तानं विचारलं, "एवढी कायले पायजे रे तुले?" मी बातमी सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमी पिंपरी लावतो बाप्पा. औषिद डॉक्टर लावते." मला ते अडाण्याचं बोलणं वाटलं. आज कबूल करतो, त्या संध्याकाळी त्या मळ्यात अडाणी एकच माणूस होता, आणि तो बी.ए. झालेला होता.

आपा ते चूर्ण मधातून पाच महिने घेत राहिली. तिखट लागतं म्हणायची, तरी घ्यायची. भावानं दिलं होतं ना. वैशाखात तिच्या काखेतही गाठी लागल्या. मग आम्ही तिला घेऊन नागपूरला धावलो.

तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले, तपासलं. आणखी काय काय घेता, असा प्रश्न त्यांनी केला. मी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पाच महिने आधी आला असता तर माझ्या हातात जास्त काही होतं."

आपाची मुलगी, माझी भाची, तेव्हा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. नागपूरच्या त्या बाकड्यावर बसून तिनं ती बातमी पुन्हा वाचली आणि हळूच म्हणाली, "मामू, यात उंदीर आहेत." खरंच होतं. बातमीत माणूस कुठेच नव्हता. काचेच्या तबकडीत वाढवलेल्या पेशी होत्या आणि उंदीर होते. माझ्या डोळ्यांनी ते शब्द वाचले होते, पण मनानं ते गाळून टाकले होते. पुढच्या दोन वर्षांत त्या पोरीनं मला जे शिकवलं, त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगतो.

इथे गझल कामाला येते. आपली अमरावती म्हणजे सुरेश भटांचं जन्मगाव. मुशायरे आणि गझलेच्या मैफली आपल्याकडे मराठीतही भरतात, उर्दूतही. तुम्ही असा एक मुशायरा डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या मंचावर वीस हजार शायर बसलेले आहेत. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुकं असतात, ते हे शायर. पण सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. डोळ्याच्या पेशीत एका गटाला बोलावलं जातं, यकृताच्या पेशीत दुसऱ्या. शायर सगळीकडे तेच असतात, फक्त कोण बोलणार ते ठिकाणाप्रमाणे बदलतं. ते ठरवतो सूत्रसंचालक. मुशायऱ्यात त्याला नाझिम म्हणतात. जनुकांचं नियमन म्हणतात ते हेच. कुणाला पुकारायचं, किती वेळ द्यायचा, कुणाला आज उठवायचंच नाही, याचा बंदोबस्त.

पेशीत हे काम काही प्रथिनं करतात. त्यातल्या एकाचं नाव स्टॅट-३, दुसऱ्याचं एनएफ-कप्पा-बी. जखम झाली, जंतू शिरला की ही प्रथिनं जागी होतात आणि नावं पुकारतात. 'वाढा' म्हणणारा शायर उठतो, 'सूज आणा' म्हणणारा उठतो, 'एवढ्यात मरू नका' असं पेशींना सांगणारा उठतो. काम झालं की नाझिम त्यांना खाली बसवतो. कर्करोगात काही शायरांच्या वहीतले शब्दच चुकलेले असतात, हे खरं. पण त्याबरोबर नाझिमही बिघडतो. 'वाढा' आणि 'मरू नका' म्हणणारे माईक सोडत नाहीत. आणि 'आता पुरे' असं सांगणारे जे शहाणे शायर असतात, त्यांच्या तोंडावर पट्टी बसते. पट्टी हा शब्द मी कवी म्हणून वापरतोय, पण जनुकावर खरोखरच बारीक रासायनिक खुणा चिकटतात आणि ते मुकं होतं.

वनस्पतींतली अनेक द्रव्यं या नाझिमच्या कानाशी लागतात. आपल्या पिंपरीतलं पायपरलाँग्युमिन स्टॅट-३ ला गप्प करतं, असं २०१५ साली प्रयोगशाळेत दिसलं. हळदीतलं कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बी ला आवर घालतं. हिरव्या चहातलं एक द्रव्य तोंडावरच्या पट्ट्या सैल करतं. हे सगळं तबकडीतल्या पेशींत दिसलेलं आहे, आणि ते खोटं नाही. माझी चूक त्याच्या पुढच्या पायरीवर झाली. तबकडीत रेणू थेट पेशीवर ओतलेला असतो. माणसाच्या तोंडातून गेलेला रेणू आतड्यातून जातो, यकृतात मोडला जातो, रक्तात पोचेपर्यंत त्याचं फार थोडं उरतं. हळदीचंच घ्या. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण तीन ग्रॅम. तेही आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि शरीरात टिकत नाही. २०१७ च्या सुरुवातीला औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकानं कर्क्युमिनवरचं सारं संशोधन चाळून सांगितलं, की रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कोणाला काय दिलंय हे ठाऊक नसतं अशा कडक चाचणीत ते एकदाही उतरलेलं नाही. हळद स्वयंपाकात हवीच. तिचं पेटंट अमेरिकेत कुणी घेतलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण लढलो आणि १९९७ साली ते रद्द करून घेतलं, त्याचा मला अभिमान आहे. पण तो खटला हळद आपली आहे की नाही याचा होता. हळदीनं कर्करोग बरा होतो, असा निकाल त्यात कुणी दिला नव्हता.

मग वनस्पतींकडून काहीच मिळत नाही का? मिळतं. पण कसं मिळतं, ते ऐका.

मुंबईत मुलुंडला होक्स्ट कंपनीची मोठी संशोधनशाळा होती. सह्याद्रीच्या जंगलात कडुनिंबाच्या कुळातलं एक झाड आहे. त्यातून रोहिटुकिन नावाचा रेणू तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा काढला. त्याची रचना आणि तो प्रयोगशाळेत बनवण्याची रीत १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्याच्यात थोडा बदल करून त्यांनी एक नवा रेणू घडवला, फ्लेव्होपिरिडॉल. हा काय करतो, ते मुशायऱ्याच्या भाषेत सांगता येतं. शायर पहिल्या ओळी म्हणतो आणि थांबतो. मंचावरून 'इर्शाद' असा आवाज आला की पुढे जातो. जनुक वाचणारं यंत्रही थोडं वाचून असंच थांबतं आणि एका प्रथिनाकडून परवानगी आली की पुढे सरकतं. फ्लेव्होपिरिडॉल हा 'इर्शाद' दाबून टाकतो. 'मरू नका' म्हणणाऱ्या काही शायरांचा आवाज फार वेळ हवेत टिकत नाही. त्यांना पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं. ते अडकले की कर्करोगाची पेशी मरते. जनुकांच्या नियमनाला हात घालणारं वनस्पतीजन्य औषध म्हणजे काय, याचं आपल्या महाराष्ट्रातलं हे उदाहरण.

१९९० च्या दशकात अमेरिकेत त्याच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. या जातीतला माणसांवर तपासला गेलेला तो पहिला रेणू. काही रक्ताच्या कर्करोगांत पेशी इतक्या झपाट्यानं मेल्या, की त्यांचा राडा शरीराला निपटता येईना आणि रुग्णांच्या जिवावर बेतलं. मात्रा बदलल्या, सलाईनमधून देण्याची वेळ बदलली, वर्षांमागून वर्षं गेली. एवढं करूनही आज तो नेहमीच्या वापराला मान्य झालेला नाही. इतक्या हुशार माणसांनी, इतक्या वर्षांत, तोलून मापून केलेल्या कामाची ही कथा. आणि मी कापडातून गाळून पुड्या बांधल्या होत्या.

दुसरी कथा आपाच्या उशाशीच होती. नागपूरला तिला दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून एक औषध द्यायचे. एकदा भाचीनं बाटलीवरचं नाव मला वाचून दाखवलं, पॅक्लिटॅक्सेल. म्हणाली, "मामू, हे झाडाचंच आहे." मी बाटलीकडे पाहतच राहिलो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीत हा रेणू सापडला. त्याची रचना १९७१ साली ज्या दोघांच्या पुढाकारानं जगासमोर आली, त्यांतले एक मन्रो वॉल आणि दुसरे डॉ. मनसुख वाणी. हे वाणी जन्मले आपल्या नंदुरबारला, १९२५ साली. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, मग अमेरिकेला गेले. २०२० साली पंच्याण्णवाव्या वर्षी ते वारले. याच दोघांनी त्याआधी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं होतं. ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही मिळतं, आणि त्यापायी नरक्याची किती बेसुमार तोड झाली हे कोकणातल्या लोकांना विचारा.

पॅक्लिटॅक्सेल जनुकांशी बोलत नाही. पेशी दोन होताना तिच्या आत ज्या दोऱ्या ताणल्या जातात, त्या तो गोठवून टाकतो. यूची साल पहिल्यांदा गोळा झाली १९६२ साली. औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली १९९२ साली. मधे तीस वर्षं गेली. माझ्या घरात बातमी आणि चूर्ण यांच्यामध्ये एक एस.टी.चा प्रवास होता.

म्हणजे झाडावर विश्वास ठेवला ही माझी चूक नव्हती. झाडापासून माणसापर्यंतची तीस वर्षांची वाट मी एका संध्याकाळी उडी मारून ओलांडली, ही चूक होती. आणि चूर्णानं फायदा झाला नाही एवढंच नुकसान नव्हतं. पाच महिने गेले, हे खरं नुकसान.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी तेव्हा सांगितली, ती ज्यांच्या घरी उपचार चालू आहेत त्यांनी लक्षात ठेवावी. पिंपरीत आणि मिऱ्यात पायपरिन नावाचं दुसरं एक द्रव्य असतं. ते इतर द्रव्यं रक्तात जास्त टिकवतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांना दिसलं, की वीस मिलिग्रॅम पायपरिन जोडीला दिलं की रक्तातलं कर्क्युमिन वीस पट वाढतं. गुण म्हणून हे छान वाटतं. पण सलाईनमधलं जालीम औषध मिलिग्रॅममध्ये मोजून दिलेलं असतं. त्याचं माप चूर्णानं आतल्या आत बदललं तर? म्हणून डॉक्टरांनी 'आणखी काय घेता' विचारलं की लाजू नका. काढा, चूर्ण, जडीबुटी, सगळं टेबलावर ठेवा.

आणि ज्यांना वाटतं की वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी, त्यांनी आपल्या चौकातल्या खर्ऱ्याकडे पाहावं. तंबाखू वनस्पतीच आहे आणि सुपारीही वनस्पतीच. सुपारी एकटीसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली जाहीर केलं. शहाण्या शायरांच्या वहीची पानं फाडायची आणि उरलेल्यांच्या तोंडावर पट्ट्या लावायच्या, हे काम खर्रा रोज करतो. कर्करोगाच्या जनुकांवर वनस्पतींचा प्रभाव पाहायचा असेल तर त्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. आपल्या गावच्या पानठेल्यावर तो पन्नीत घोटून मिळतो.

आपा २०१४ च्या पावसाळ्यात गेली. शेवटपर्यंत तिनं त्या पाच महिन्यांचा विषय काढला नाही. एकदाच म्हणाली, "तूने तो अच्छे के लिए किया था मुन्ना." हे वाक्य मी इतकी वर्षं बाळगतोय. चांगल्यासाठी केलेलं होतं, म्हणूनच ते तपासून करायला हवं होतं.

२०१८ साली भाचीचा फोन आला. ती आता फार्मसी कॉलेजात शिकवते. म्हणाली, "मामू, तो २०११ चा निबंध मागे घेतला गेलाय." ज्या निबंधाच्या बातमीवर मी आपाचे पाच महिने लावले होते, तोच 'नेचर'मधून मागे घेतला गेला होता. मी बराच वेळ बोललो नाही. तीच म्हणाली, की पायपरलाँग्युमिनवर इतर ठिकाणी काम चालू आहे, पुढेमागे त्यातून काही निघेलही. विज्ञान आपली चूक उशिरा का होईना, नावानिशी छापतं. माझ्यासारख्या माणसाची चूक पुडीत बांधली जाते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटली जाते. म्हणून आज ती मी आकाशवाणीवर सांगायची ठरवली.

श्रोते हो, बायांनी गाठ लपवू नये. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवावा. सुईनं तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही. सुईमुळे रोग कळतो, आणि स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, दवाखान्यात त्याची चौकशी करा. आणि घरातल्या शिकलेल्या माणसानं बातमी वाचली असेल तर त्याला एकच विचारा: यात माणसं आहेत का उंदीर?

अंजनगावला मी अजून जातो. दोस्ताचा मळा आहे, पिंपरी वाळत घातलेली असते. निघताना तो मूठभर हातावर ठेवतो. मी ती घरी आणतो. खोकल्यासाठी.